हौद्यातलं अंथरूण

जीपचा हौदा उघडाच असावा, पत्र्यावर काहीही घालू नये, असं म्हणणारी माणसं आहेत आणि त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. हौदा राबण्यासाठी असतो. त्यात वैरण पडते, खताची पोती पडतात, ऊस पडतो, चिखलानं भरलेले बूट पडतात. संध्याकाळी नळी लावली आणि फाळका पाडला की सगळं वाहून जातं, सकाळी पत्रा पुन्हा कोरडा. नाशिकच्या कारखान्यातून 2020 साली जी नवी थार आली, ती जुन्या जीपच्या मानानं कितीतरी नटलेली. पण तिच्याही तळाला पाणी काढून द्यायची बुचं आहेत, आतली जमीन धुता यावी म्हणून. चिखलात जाणाऱ्या गाडीनं पाण्याला वाट ठेवायलाच हवी.

तरीही मी आमच्या जुन्या एमएम 540 जीपच्या हौद्यात कार्पेट घालून घेतलं, आणि ते घालताना जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

माझं काम झाडापानांचं. राधानगरी, गगनबावडा, आंबोली या पट्ट्यात पावसाळ्यात हिंडायचं, फुलावर आलेली फांदी कापायची, तिथल्या तिथे कागदात घालून दाबायची. दाबपेटी म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रं आणि टिपकागद, वरून आवळलेले पट्टे. ती सपाट आणि कोरडी राहिली पाहिजे, एवढीच तिची मागणी. पण आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे कोरडं राहणं हीच सगळ्यांत अवघड गोष्ट. ताडपत्रीचं हूड कितीही ताणून बांधलं तरी पाणी येतंच, आणि जे वरून येत नाही ते पत्र्यावर उमटतं. पहाटे पत्रा हवेपेक्षा थंड झालेला असतो, हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि दाबपेटीच्या खालच्या जाळीला ओल धरते. पाऊस नसतो, गळती नसते, तरी कागदाची कड मऊ पडलेली असते. त्या ओलीत पाकळीचा रंग आधी जातो, मग बुरशी येते.

दुसरी गोष्ट आवाजाची. रिकाम्या हौद्याचा पत्रा म्हणजे चौकटीत ताणून बसवलेली हलगीच. खालून प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन त्याला सतत टिपरी मारत असतं, आणि ठरावीक वेगाला पत्रा असा काही घुमतो की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही. हलगीवर तळहात टेकवला की ती गप्प होते, तसंच इथेही करावं लागतं. पत्र्याच्या मधोमध डांबराची जड चिकट शीट बसवली की त्याची थरथर त्या मऊ थरात मुरते आणि तिची किंचित ऊब होऊन जाते. कार्पेटचं काम त्याच्या नंतरचं. आदळआपट, किणकिण, खडे उडाल्याचा तडतडाट एवढंच ते पिऊन टाकतं. जाड घुमणारा आवाज नुसत्या कार्पेटनं जात नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा हौद्यात आधीच्या मालकानं घातलेलं एक कार्पेट होतं. करड्या रंगाचं, कडेपर्यंत नीट बसवलेलं, आणि खालच्या ज्यूटच्या थरासकट पूर्ण चिकटवलेलं. दिसायला सुरेख होतं. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत जे मामा गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवतात, त्यांनी फाळका उघडला, एक कोपरा चिमटीत धरला आणि वास घेतला. "ताई, ह्ये चिकटवलंय न्हवं? मग संपलं बघा. पाणी खाली जातंय, वर येत न्हाई."

कार्पेट निघता निघेना. ज्यानं ते चिकटवलं होतं त्यानं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकवून, मग एका दमात दाबलं असणार. ते सोल्यूशन तसंच लावतात, आणि एकदा टेकलं की सरकवायची सोय राहत नाही. मामा कटरनं हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडत गेले आणि त्यांचा पोरगा एकेक पट्टी ओढत गेला. कार्पेटच्या खाली गाडीचा सगळा फिरता संसार निघाला. फाळक्याजवळ जांभ्याची तांबडी माती, आत काळी चिकणमाती, चाकाच्या पेटीला लागून भाताचा कोंडा, कुठल्याशा किनाऱ्याची वाळू, जनावराचे केस, गुळाचा दगडासारखा झालेला खडा. सगळ्यांत मागे पिठासारखी बारीक धूळ. तीही उगाच नव्हती. अशी चौकोनी, मागून उघडी गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिच्याच चाकांनी उडवलेली धूळ फाळक्यावरून आत ओढली जाते. म्हणून फाळक्याकडचा भाग नेहमी जास्त मळतो.

आणि त्या सगळ्याच्या खाली गंज. हौद्याच्या मधल्या भागात फक्त तांबूस डाग होते; चाकाच्या पेट्यांच्या कोपऱ्यात, जिथे सोल्यूशन सगळ्यांत घट्ट लागलं होतं, तिथे पत्रा बोटानं दाबला तर आत जात होता. मला वाटत होतं उलट असेल. जिथे चिकटून झाकलं तिथे पत्रा सुरक्षित. पण ओल्या लोखंडाचा न्याय वेगळा असतो. एकाच ओल्या पत्र्यावर एका जागी हवा पोचते आणि दुसऱ्या जागी पोचत नाही, तेव्हा जिथे हवा कमी तिथलं लोखंड झिजायला लागतं. झाकलेला कोपरा उघड्या भागाच्या वाट्याचं सोसतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. तो फुगतो, रंगाला फोड आणतो, त्या फोडात पुन्हा पाणी साठतं. खालचा ज्यूट हे पाणी धरून बसायला तयारच असतो. साध्या दमट हवेतसुद्धा ज्यूट आपल्या वजनाच्या 13 ते 14 टक्के ओल बाळगतो, पावसाळ्यात तर विचारूच नये. तळाची पाणी जायची बुचं जाग्यावर होती, त्यांच्यावर कार्पेट चिकटवलेलं होतं.

त्या बुचांपाशी मी बराच वेळ बसले होते. गाडी करणाऱ्यानं ठेवलेली वाट, आणि तिच्यावर कुणीतरी हौसेनं, प्रेमानंच, अंथरलेलं छप्पर. त्या माणसाला ती गाडी आवडत होती, कडांची शिलाई पाहून ते कळत होतं. त्याला ती घरासारखी करायची होती, आणि घरातली जमीन आपण रोज उचलून पाहत नाही.

गंज घासणं, दोन ठिकाणी पत्रा कापून नवा जोडणं, लाल प्रायमर, रंग, त्यावर डांबरी शीट. हे काम झालं आणि मग खरा प्रश्न आला, घालायचं काय. काथ्या माझ्या मनात होता. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही, जहाजांचे दोर पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच होत आले. पण तो टणक. त्याच्यात अडकलेली वाळू पत्र्याचा रंग घासून काढते, आणि कडा सुटल्या की तुसं सगळीकडे. मामांनी नकार दिला. मग त्यांनी एक गुंडाळी उलगडली. दिसायला साधी, गडद राखी, उभ्या बारीक रेघांची. तिची एक दशी त्यांनी उपटली आणि शेजारच्या पाण्याच्या ग्लासात टाकली. दशी तरंगली. "ह्ये पाणी पीत न्हाई," एवढंच ते म्हणाले. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं आणि त्याचा धागा पाणी आत घेत नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत राहतं, झटकलं आणि टांगलं की निघून जातं. मामांना पॉलिप्रॉपिलीन हे नाव ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक, परीक्षा मात्र अचूक होती.

ही गुंडाळी विणलेली नव्हती. काटेरी कडांच्या हजारो सुया धाग्यांच्या गादीत वरखाली मारत राहतात आणि धागे एकमेकांत ओढले जाऊन कापड तयार होतं. हे ऐकताना मला आमच्याच भागातली जेन आठवली. पट्टणकोडोलीच्या बाजूला मेंढ्यांच्या लोकरीची जेन करतात, तीही विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळायची आणि लाटत, दाबत राहायची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. माग नाही, सुई नाही, माणसाच्या अंगातलं बळ तेवढं. कारखान्यातल्या सुया जे करतात ते मेंढीच्या केसाला जन्मतःच येतं. आणि लोकरीत एक गुण आहे जो त्या राखी गुंडाळीत नाही. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ ती पोटात घेते आणि हाताला ओली लागत नाही. घरी एक जुनी जेन होती. दाबपेटीच्या खाली ती घालायची आणि मुक्कामाला पोचलं की उचलून वाळवायची, असं मी तिथेच ठरवलं.

खाका काढायचं काम मला फार आवडलं. मामांनी खाकी कागद हौद्यात पसरला आणि अंगठ्याच्या नखानं प्रत्येक कोपरा, प्रत्येक उंचवटा, बाकांच्या प्रत्येक बोल्टची जागा कागदावर उमटवली. टेप त्यांनी क्वचितच काढली. डावी आणि उजवी चाकाची पेटी सारखी असेल म्हणून एकाच खाक्यावर दोन्ही कापणं सोपं होतं, त्यांनी दोन्हींचे वेगळे काढले, आणि दोन्ही खरोखरच वेगळे निघाले. मग कापणी. रेघा फाळक्याकडे जातील अशाच ठेवल्या, केरसुणी मारली की घाण रेघेरेघेनं बाहेर पडावी म्हणून. तळाचा एक तुकडा, पेट्यांचे दोन. पेटीच्या कोपऱ्यावर कार्पेट वळेना, तेव्हा हीटगनची ऊब लांबून फिरवत, तळव्यानं दाबत त्यांनी त्याला वळण दिलं. पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या जरा पुढे वितळतं. गन दोन बोटं जवळ गेली तरी तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. मामांची नजर त्या वेळी कुणाकडेही वळत नव्हती. पोरग्यानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

चिकटवायचं काही नाही, हे आधीच ठरलं होतं. कडांना रेक्झिनची पट्टी शिवली आणि तुकडे टिचबटणांवर बसवले. बटणांचे खालचे भाग पत्र्याला भोकं न पाडता, बाकांच्या जुन्या बोल्टांखाली पट्ट्या घेऊन त्यांच्यावर बसवले. नवं भोक म्हणजे गंजाला नवं दार. बुचांच्या जागी गोल झाकणं कापून एका बाजूनं शिवली, उचलली की बूच हाताला लागतं. दोघांनी धरलं तर सगळं अंथरूण चहा उकळायच्या आत बाहेर येतं.

गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना पाऊस कोसळत होता. मागून पाणी आलंच. पण हौदा घुमला नाही, खड्ड्यात चाक गेलं तेव्हा दाबपेटी जागची हलली नाही, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं खिडकीबाहेर दाखवलेल्या सोनकीबद्दल आम्ही आवाज न चढवता बोलू शकलो. मुक्कामी पोचल्यावर बटणं टकाटक सोडवली, बुचं काढली. तांबडं पाणी धारेनं खाली गेलं. कार्पेट ओसरीच्या दांडीवर टाकलं, जेन चुलीजवळ. सकाळी कार्पेट जवळजवळ कोरडं होतं, जेनेला अजून मेंढीचा ओला वास येत होता आणि टिपकागद खडखडीत होते.

दसऱ्याच्या आधी मी ते सगळं काढते. हौदा धुते, कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवते, रंगाला फोड दिसला की वायर ब्रश आणि प्रायमर. दिवाळीपर्यंत पत्रा उन्हात उघडा असतो, आणि तेवढे दिवस उघड्या पत्र्याची बाजू घेणारी माणसं येऊन समाधानानं हात फिरवून जातात.

खाके मामांनी ठेवून घेतले. दुकानातल्या खिळ्याला आमच्या गाडीचा नंबर लिहून टांगले होते, दुसरी कुठली एमएम आली तर उपयोगी पडतील म्हणून. मध्यंतरी चंदगडकडची एक आली. मामांनी खाके उतरवले, हौद्यात टेकवून पाहिले, आणि डाव्या पेटीपाशी ते पार फसले. ती गाडी कधीतरी कुणीतरी ठोकून सरळ केलेली होती. मामांनी आमचे खाके परत खिळ्याला अडकवले आणि नवा खाकी कागद पसरला.