काळ्या कातळातला उजेड

कोकणकड्यावर सकाळ पाठीमागून येते. कड्याचं तोंड पश्चिमेला. सूर्य हरिश्चंद्रगडाच्या मागून वर चढतो तेव्हा खाली कोकणात साचलेलं धुकं पांढरंशुभ्र उजळतं आणि कडा मात्र स्वतःच्या सावलीत काळाच राहतो. माझ्या जुन्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर धुकं सांभाळलं की कातळ डांबरासारखा सपाट यायचा. संगणकावर उजळवायला गेलं की त्यात रंगीत रवा उठायचा. मिडियम फॉरमॅटकडे मी वळलो ते त्या कातळासाठी. मेगापिक्सेलचा मोह नव्हता.

नावाला मात्र भुलू नये. आजच्या बहुतेक डिजिटल मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या ६४५ फिल्मच्या चौकटीहून बराच लहान. फुल फ्रेमच्या तुलनेत क्षेत्रफळ जेमतेम १.७ पट. उजेडाच्या हिशेबात फायदा पाऊण स्टॉपचा. शिवाय तो फुकट मिळत नाही. पायाशी फुललेली सोनकी आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर फुल फ्रेमवर जिथे एफ ११ पुरतो तिथे इथे एफ १४ लागतो. शटर तेवढंच मंदावतं. पाऊण स्टॉप खरोखर हाती येतो तो ट्रायपॉड पक्का असेल आणि वारा पडेपर्यंत बसून राहायची तयारी असेल तरच.

माझ्यासमोर तीन कॅमेरे होते आणि तिन्हींत सोनीचा ५१ मेगापिक्सेलचा सेन्सर: २०१४चा पेंटॅक्स ६४५झेड, २०१६चा हॅसलब्लाड एक्सवनडी, २०१८चा फुजीफिल्म जीएफएक्स ५०आर. पेंटॅक्सची नुसती बॉडी दीड किलोच्या वर, फुजीची त्याच्या निम्मी. हॅसलब्लाडचं शटर लेन्समध्येच असतं, त्याचा हादरा नगण्य. पण त्या लेन्स माझ्या आवाक्यात नव्हत्या. गडाच्या पायथ्याच्या पाचनईहून सॅक पाठीवर घेऊन चढताना तंबू, पाणी, ट्रायपॉड हे सगळं आलंच. म्हणून मी हलका ५०आर घेतला, तोही सेकंडहँड. १०० मेगापिक्सेलचे कॅमेरे उत्तम आहेत, पण भिंतीवर मोठं छापणार नसाल तर त्यांची दोनशे एमबीची फाइल निव्वळ ओझं.

पहिला मोठा प्रिंट हातात आला तेव्हा मी आधी धुक्याकडे पाहिलंच नाही. कड्याच्या सावलीत लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येत होते. मधल्या फटीतलं गवतही दिसत होतं, ओलसर आणि हिरवं. इतकी वर्षं ते तिथेच होतं.

तुम्ही घेणार असाल तर आधी दोन दिवस भाड्याने आणा. ट्रायपॉडसकट गडावर न्या, पहाटे सावलीतला दगड टिपा आणि २७ बाय २० इंचांत छापून घ्या. त्या प्रिंटमध्ये काही नवं दिसलं नाही, तर आहे तोच कॅमेरा ठेवा.