आबांच्या संगणकाचे आवाज

हर्णे, ता. दापोली
नागपंचमी

प्रिय ताई,


आबांच्या संगणकातून एक नव्हे, तीन आवाज येत होते. घरात सगळे मिळून त्याला ‘तो आवाज’ म्हणत, आणि घोळ तिथंच होता. दापोलीतल्या एका दुकानदाराने तर फोनवरच मदरबोर्ड गेल्याचा निकाल दिला. आबा मशीन पोत्यात गुंडाळून एसटीने न्यायला निघाले होते, आईने थोपवलं म्हणून बरं. त्यांचं सुवर्णदुर्गावरचं सगळं लिखाण, १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला तिथपर्यंतचं, त्या एकाच हार्ड डिस्कवर आहे. घाटातले हिसके चांगल्या डिस्कलाही मानवत नाहीत, दुखणाइतीची तर बातच सोड.

पहिला आवाज सकाळचा. बटण दाबलं की खर्रर्र सुरू व्हायची आणि चहा होईपर्यंत आपोआप बसायची. त्यामुळे आबांना वाटायचं, मशीन बरी झाली. शेजारचे तांडेल सध्या मोकळेच आहेत. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, पण समुद्र खवळलेला, होड्या अजून आंजर्ल्याच्या खाडीत. होडीच्या इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची त्यांची जुनी सवय. इथे त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं कॅबिनेटभोवती फिरवलं. मागच्या पंख्यापाशी थांबून म्हणाले, “मास्तर, बेरिंग सुकलंय.”

बरोबर होतं. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे तेलात फिरणारा दांडा. तेल आटलं की थंड असताना तो घासतो. गरम झाल्यावर उरलंसुरलं तेल पसरतं आणि आवाज दबतो. म्हणूनच असा पंखा सकाळी ओरडतो आणि दुपारी गप्प बसतो. आबांनी झाकण काढलं तेव्हा पात्यांवर धुळीचा राखाडी थर होता, पण फुंकरीने उडणारा नव्हे. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे हर्ण्याची धूळ ओल्या पिठासारखी चिकटते. एका पात्यावर जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि पंख्याचा तोल गेलेला. स्क्रूंची डोकी तांबडी झालेली. कापसाच्या बोळ्याने पाती पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. आई खोबरेल घेऊन आली होती. ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं, तेव्हा नकोच. हा इलाज तात्पुरता आहे, पंखा बदलावाच लागेल. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा डबा मात्र आबांना उघडू दिला नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर काही वेळ जोरदार धक्का देऊ शकतात.

दुसरा आवाज ‘टक्’. आबांनी कुठेतरी वाचलेलं, हार्ड डिस्क मरताना टकटक करते. त्यामुळे या एका टक्साठी ते रात्री उठून बसायचे. प्रत्यक्षात दोषी होता टेबलाखालचा यूपीएस. विहिरीवरचा पंप सुरू झाला की माजघरातला दिवा मंद होतो, आणि त्याच क्षणी टक्! यूपीएसमधला रिले नावाचा खटका विजेचा दाब सावरण्यासाठी जोडणी बदलतो, त्याचा तो आवाज. संगणक बंद ठेवून फक्त यूपीएस चालू ठेवला आणि पंप लावला, तरी टक् झालंच. संशयितांना असं एकेक करून वेगळं काढावं, निम्मं काम तिथेच होतं.

विजेचं इथलं रडगाणं तुला नव्याने सांगायला नको. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात दापोली-मंडणगडचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून आबा यूपीएसला देवघरातल्या समईइतकं जपतात, पण त्याची बॅटरी बदलायची असते हे त्यांच्या गावी नाही.

तिसरा आवाज खरा काळजीचा. मोठी फाईल उघडली की डिस्कमधून टक्-टक्-टक्, क्षणभर शांतता, पुन्हा टक्-टक्. इथे पंपाचा काही संबंध नाही. डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून वाचणारं हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. माणसाचा केस हजारो पटींनी जाड. तबकडीवरच्या खुणा सापडेनात की हेड मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा शोधतं. तीच टकटक. ती बरी होत नाही, आणि मशीन जितका वेळ चालू तितका धोका जास्त.

अशा वेळी लोक नेमकं उलटं करतात. चेक डिस्क चालवतात, म्हणजे आजाऱ्याला गड चढायला लावतात. कुणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतं. श्रावणातल्या हवेत ती बाहेर काढली की तिच्यावर पाण्याचे थेंब जमतील. बहुतेक डिस्कना श्वास घ्यायला बारीक भोक असतं, शेजारी ‘झाकू नका’ असं छापलेलं. तिथून दमट हवा आत जाणारच. डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर ‘ठीक’ म्हणालं म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. गूगलने २००७मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी तब्येत तपासणाऱ्या यंत्रणेच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आबांचं लिखाण लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. जुन्या फोटोंचं स्कॅनिंग राहिलं आहे, ते पेनड्राइव्हवर मावत नाही. मशीन तेव्हापासून बंद आहे.

आजारी डिस्क आवाज करते हे ठीक, पण आवाजाने उलट डिस्कच आजारी पडते, हे आबांना पटेना. त्यांना ही उदाहरणं वाचून दाखव. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून आरोळी ठोकली, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतिसाद त्याच क्षणी मंदावलेला दिसला. सप्टेंबर २०१६मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅसची चाचणी झाली. नळ्यांतून सुटलेल्या गॅसच्या कर्कश आवाजानेच डिस्क बिघडल्या, कार्डं आणि एटीएम कित्येक तास बंद. आणि मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने २०२२मध्ये सांगितलेला किस्सा तर कहरच आहे. जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’ वाजलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत, शेजारच्या टेबलावरचासुद्धा. गाण्यातला एक सूर डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळायचा. तेव्हा यंदा गणपतीत आरतीचा साऊंड बॉक्स संगणकाच्या टेबलावर ठेवायचा नाही, हे काकांना तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत.

बाकी आवाज किरकोळ. यूपीएसची घूं म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. पत्रा थरथरत असेल तर हात ठेवल्यावर थांबतो. स्क्रू आवळले की झालं. सुरू होताना एकामागून एक लांब बीप आणि पडदा काळा, असं झालं तर बहुतेक जुन्या मशीनमध्ये रॅमकडे पाहावं. दमट हवेने तिच्या पट्ट्या काळवंडतात. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, मग खोडरबरने हलकं पुसून ती परत घट्ट बसवावी.

एसएसडी घ्यावी का, असं आबा विचारतात. घ्यावीच. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ती आवाज करत नाही. पण म्हणूनच ती जाते तेव्हा कल्पनाही देत नाही. तेव्हा दुसरी प्रत ठेवणं तिच्याबरोबरही चुकणार नाही.

गणपतीला येशील तेव्हा एक टेराबाइटची एक्स्टर्नल डिस्क, अडीच इंची एसएसडी आणि १२० मिलिमीटरचा बॉल बेअरिंगचा पंखा घेऊन ये. यूपीएसची बॅटरी दापोलीत मिळते. डिस्क बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेव, आणि तू येईपर्यंत मशीन सुरू करायची नाही, हे आबांना फोनवर एकदा बजाव.

तुझा धाकटा भाऊ