चौदावी काठी

सोलापूरचा आणि गोल्फचा संबंध काय, असे वाचक विचारतील. त्यात त्यांचे काही चुकले नाही. सोलापूरकराला खेळ म्हणजे क्रिकेट. कसोटीत भारतातर्फे पहिले द्विशतक काढणारे पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले, हे आमच्या नव्या पेठेतला जुना दुकानदार चादरीची घडी उलगडता उलगडता तुम्हाला सांगेल. पण गोल्फच्या दोन काठ्यांपैकी कोणती ठेवावी, हा निवाडा याच पेठेतल्या एका चादरवाल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, आला. माझी पात्रता एकच. मी मुलीचा बाप!

आमचे व्याही पुण्याला असतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस, उजाडता उजाडता, ते येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर हजर असतात. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. पुढे डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण चेंडू पहिल्यासारखा लांब जाईना. तेव्हा जावईबापूंनी वडिलांच्या वाढदिवसाला ‘हायब्रिड’ नावाची एक नवी काठी आणून दिली. व्याह्यांनी ती हातात घेतली, “छान आहे” म्हणाले आणि कपाटात ठेवली. ठेवली ती ठेवलीच! महिन्याभराने मुलीचा फोन आला. “बाबा, त्या काठीपायी बापलेक एकमेकांशी धड बोलत नाहीत. तुम्ही एकदा येऊन जा.”

मुलीच्या बापाने व्याही आणि जावई यांच्यामध्ये पडणे म्हणजे सुपारीने अडकित्त्यात जाऊन बसणे. तरी गेलो.

आता एवढे भांडण एका काठीवरून का व्हावे? कपाटातली काढून पिशवीत टाकली की झाले! पण तसे होत नाही. गोल्फच्या पिशवीत चौदाच काठ्या ठेवता येतात. पूर्वी असे बंधन नव्हते. बडे खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बाळगत आणि ते ओझे वाहणारा कॅडी बिचारा घामाघूम होई. शेवटी १९३८ साली अमेरिकेत आणि १९३९ साली ब्रिटनमध्ये चौदांचा नियम झाला. नवी आत घ्यायची, तर जुनी एक बाहेर काढावी लागते. व्याह्यांच्या पिशवीतून बाहेर जायची होती ती त्यांची वीस वर्षांची सोबतीण, पाच नंबरची ‘फेअरवे वुड’.

वुड म्हणजे लाकूड. पण आता ते नावापुरतेच. पूर्वी या काठीचे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे भावंड. त्याच टेंभुर्णीच्या पानात सोलापूरच्या हजारो बायका विड्या वळतात! १९७९ नंतर लाकडाची जागा हळूहळू धातूने घेतली, नाव तेवढे राहिले. वुडचे डोके मोठे आणि दांडा लांब. कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे फेअरवेवर, चेंडू स्वच्छ बसलेला असला, तर ती झाडू फिरवल्यासारखी फिरवायची. चेंडू उंच जातो, लांब जातो आणि अलगद उतरतो. मात्र दांडा लांब म्हणून नेम साधणे अवघड.

हायब्रिड ही वुड आणि लोखंडी काठी यांच्या मिश्रणातून निघालेली संकरित जात. या शतकाच्या आरंभी ती घरोघरच्या पिशव्यांत शिरली. डोके लहान, दांडा वुडपेक्षा दोनेक इंच आखूड. चेंडू दाट गवतात रुतलेला असला, तर वुडचे मोठे डोके गवतात अडते. हायब्रिड गवत कापून चेंडूपर्यंत पोचते. मोबदल्यात थोडी लांबी आणि थोडी उंची सोडावी लागते.

दोघींचाही इतिहास मोठा आहे. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन साराझेनने चार नंबरच्या वुडने २३५ यार्डांवरून चेंडू थेट भोकात घातला. २००९ साली कोरियाच्या वाय. ई. यांगने पीजीए स्पर्धेच्या अखेरच्या भोकाला दोनशेहून अधिक यार्डांवरून हायब्रिडने चेंडू निशाणाजवळ टाकला आणि टायगर वुड्सला हरवले. मोठ्या स्पर्धा जिंकलेला तो आशियात जन्मलेला पहिला पुरुष. हे सगळे व्याह्यांनी मला चहाच्या पहिल्या कपाबरोबरच ऐकवले.

“तुम्हीच सांगा व्याहीबुवा,” ते म्हणाले, “ह्या वुडने मी चेंडू तळ्यापलीकडे टाकला आहे. आता मुलगा म्हणतो, बदला. म्हणजे काय? म्हातारे झालात, हेच ना?”

भांडण काठीचे नव्हते, हे मला तेव्हा कळले.

दुकानात चादर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी रंग नंतर दाखवतो. आधी विचारतो, “पांघरणार कोण? आणि कुठे?” पाहुण्यांच्या पलंगावरची चादर वेगळी, रोज अंगावर घ्यायची वेगळी. तेच मी त्यांना विचारले. “ही काठी हातात घेता तेव्हा चेंडू कुठे असतो?”

“फेअरवेवर.”

“नेहमी?”

व्याही थबकले. मी खिशातली जमाखर्चाची छोटी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. “महिनाभर लिहून ठेवा. चेंडू हिरवळीवर असला तर डाव्या बाजूला रेघ, गवतात असला तर उजव्या. मुलाला दाखवू नका, मलाही दाखवू नका.”

हिशेबाचा अपमान कुणी मानत नाही. मुलाने सांगितले असते तर वय दुखावले असते; वहीने सांगितले ते फक्त रेघांत होते. महिन्याने व्याह्यांचाच फोन आला. उजव्या बाजूच्या रेघा डावीकडच्यांच्या दुप्पट भरल्या होत्या. पहिला टोला पूर्वीइतका लांब जात नव्हता, तिरका होऊन गवतात शिरत होता, आणि वीस वर्षांची सोबतीण तिथे त्यांच्या उपयोगाची राहिली नव्हती. “हायब्रिड घेतली पिशवीत,” ते म्हणाले. “मुलाने आणली म्हणून नव्हे हं! वहीने सांगितले म्हणून.”

मुलगी सांगते, त्या रविवारी बापलेक बरोबर येरवड्याला गेले. वुड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी आहे, आणि हिशेब फिरला तर ती परत घ्यायचा व्याह्यांचा हक्क शाबूत आहे. गुडघा सुधारला, चेंडू पुन्हा हिरवळीवर पडू लागला, तर वुडच बरी, हेही तितकेच खरे.

दिवाळीच्या साफसफाईत आपण कपाटे उपसतो आणि पुन्हा सगळे जिथल्या तिथे कोंबतो, कारण कपाटाला चौदांचा नियम नसतो. पिशवीला असतो, आणि वय वाढते तसा माणसालाही तो लागू होतो. अशा वेळी आपण एकदा मारलेल्या फटक्यासाठी काठी निवडू नये. आज चेंडू जिथे पडला आहे, तिथून तो उचलणारी निवडावी. आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायची वेळ आली, तर तोंडाने सांगू नये. एक कोरी वही द्यावी.