ऋण आणि कर्ज

मराठीत 'ऋण' आणि 'कर्ज' हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांचा स्वभाव एक नाही. कर्जाला मुदत असते, व्याज असते, जामीनदार असतो. ऋण मान्य करावयाचे असते आणि जमेल तसे पुढच्याकडे पोहोचवावयाचे असते. आमच्या घरातील शिक्षणाचा पिढ्यांचा हिशेब मांडू लागलो, की हा भेद आम्हांस फार जाणवतो.

आमचे वडील 1930 नंतरच्या दशकात कोकणातून पुण्यास शिकावयास गेले आणि वार लावून जेवले. त्या सात घरांची नावे त्यांना अखेरपर्यंत पाठ होती. पुढे बडोद्यास नोकरी लागल्यावर आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दर गुरुवारी कोणी ना कोणी विद्यार्थी पानावर असे. पुण्याच्या घरांनी काही परत मागितले नव्हते. वडिलांनी ते दुसऱ्याच मुलांना परत केले.

या आठवणीस मुलामा चढविण्याचे कारण नाही. वाराची घरे जात पाहून उघडत. ज्यांना ती बंद होती, त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग रूढ केला. आमच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची होती. तो करार पाळण्यास ते 1917 मध्ये येथे आले, तेव्हा याच शहराने त्यांना राहावयास जागा दिली नाही आणि त्यांना परतावे लागले. करार त्यांनी मोडला नाही, तो गावाने मोडला. हे बडोदेकरांनी विसरू नये.

तरीही या सर्व वाटांमागे एक समजूत होती : एक मुलगा शिकला, तर त्याचा लाभ चार जणांना होतो, म्हणून भारही चौघांनी उचलावा. स्वातंत्र्यानंतर हीच समजूत सरकारी अनुदानाच्या रूपाने टिकली. आम्ही 1970 च्या सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलो, तेव्हा आमची वर्षाची फी वडिलांच्या एका महिन्याच्या पगारात भागून उरत असे. आम्हांला त्याचे नवल वाटले नव्हते. कोणी अनोळखी करदाता आमच्या पानावर वाढीत आहे, हे त्या वयात कळत नाही.

पुढे वारे फिरले. महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तिच्यामुळे हजारो मुलांना घराजवळ जागा मिळाल्या, हेही खरे. आमच्या गुजरातेत अशा संस्थांना 'स्वनिर्भर' म्हणतात. त्या निर्भर असतात पालकांच्या खिशावर. सरकारी संस्थांनाही हे वारे लागलेच. आयआयटीची पदवीची वार्षिक फी 2016 मध्ये नव्वद हजारांवरून दोन लाखांवर गेली. गरिबांना व मागासवर्गीयांना सवलत ठेवली, ही त्यातली दिलाशाची बाब. दरम्यान 2001 पासून बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली आणि फी व पगार यांमधील दरी भरून काढण्याचे काम कर्जाकडे गेले.

आमच्या पुतण्याच्या मुलीने 2019 मध्ये अशाच एका स्वनिर्भर महाविद्यालयात प्रवेश घेतला. कर्ज सहा लाखांचे. त्या कर्जास जामीनदार हवा होता, म्हणून आम्ही सही केली. 2023 मध्ये ती पदवीधर झाली, तोवर व्याज धरून रक्कम आठ लाखांच्या घरात गेली होती. शहराबाहेरच्या वस्तीतील मुलांना गणित शिकविण्याचे काम तिच्यापुढे आले होते, आणि ते तिला मनापासून हवे होते. पगार पंधरा हजार. कर्जाचा हप्ता सुमारे अकरा हजार. आम्ही म्हटले, थोडे आम्ही भरू. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या पेन्शनीवर मी समाजसेवा करू काय?" तिला उत्तर देता आले नाही. आज ती बंगळुरात एका कंपनीत आहे. काम चांगले आहे, हप्ता एकदाही चुकलेला नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु जामीनदार गेला तरी हप्ता राहतोच, आणि बाविसाव्या वर्षी कोणते काम पत्करावे हे तोच ठरवितो. दहा वर्षे हप्ते भरून मोकळी झालेली मुलगी उद्या म्हणाली, की माझे शिक्षण मी विकत घेतले, मी कोणाचे काही लागत नाही, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? तिला सात घरांची नावे पाठ असण्याचे कारणच आपण ठेवले नाही.

आमच्या पिढीपुरते मात्र उत्तर स्पष्ट आहे. जवळजवळ फुकट शिकलेल्या आम्हां निवृत्तांचे ऋण अजून बाकी आहे. आपल्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याची एका वर्षाची फी, दरवर्षी, नाव न सांगता भरणे ही त्याची लहानशी सुरुवात होय. आम्ही यंदाच्या जूनपासून ती करीत आहोत. वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल, त्यांनी आपला वार निवडावा.