पाणचक्की आणि माझी शाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नानीकडे औरंगाबादला जाते. बीबी का मकबरा सगळेच पाहतात. मला मात्र पाणचक्की जास्त आवडते. ती सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी येथे आणले होते. ते उंचावरून हौदात कोसळे आणि पाण्याच्याच जोरावर जाते फिरे. त्या पिठाच्या रोट्या फकीर, मुसाफिर आणि येथे शिकणारी मुले खात. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. म्हणून भर उन्हाळ्यातही तिथे गारवा! मामू म्हणाले, "इल्म घ्यायला आलेल्याची आधी भूक-तहान भागवायची, ही त्या लोकांची रीत."

आमच्या शाळेत शिकवणे चांगले आहे, पण मैदान नाही. माझा आवडता खेळ खो-खो. त्याला एका संघाच्या नऊजणी लागतात. मुलगे लांबच्या मैदानावर जातात. मुलींना तेवढ्या लांब कोण पाठवणार? आठवीत गेल्यावर माझ्या चार मैत्रिणींचा खेळ सुटला. त्यांतली एक तर आमच्यात सर्वांत चपळ होती.

माझ्या मनातल्या शाळेत झाडांची सावली, पिण्याचे थंड पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, छोटेसे वाचनालय आणि कुंपणाआड एक मैदान असेल. एवढ्यासाठी बादशाहाचा खजिना लागत नाही. मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी मनावर घेतले तर, इन्शाअल्लाह, आमच्या मागून येणाऱ्या मुलींना खो-खो सोडावा लागणार नाही.