पौषांतील गृहप्रवेश

माणसाच्या विद्येची खरी परीक्षा पुष्कळदां त्याच्या घरांतच होते, आणि परीक्षक अशी व्यक्ति निघते कीं जिला आपण जन्मभर शिष्य समजत आलेले असतों. २०२५ सालच्या पौषांत आम्हीं घर बदललें, तेव्हां मला हा अनुभव आला. गोष्ट अगदीं घरगुती आहे. परंतु थोड्याफार फरकानें ती इतर घरांतही घडत असेल, म्हणून लिहावीशी वाटली.

वाईस ढोल्या गणपतीपासून फार दूर नाहीं अशा एका बोळांत आमच्या आजोबांचा वाडा. गणपतीच्या देवळाची मागली भिंत कृष्णेच्या पुराचा लोट दुभंगावा म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे. आमच्या भिंती बांधतांना मात्र कोणी एवढा विचार केलेला दिसत नाहीं. पावसाळ्यांत त्यांत शिरलेली ओल संक्रांतीपर्यंत हटत नसे. पुढें ओटी, मग माजघर, मधें उघडा चौक, चौकापलीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागें न्हाणी, अशी जुन्या पद्धतीची रचना. पांचगणीच्या डोंगरावरची गार हवा हिंवाळ्यांत रात्रीं खालीं खोऱ्यांत उतरते. आमच्या चौकांत तर ती मुक्कामालाच येई.

याच ओटीवर आजोबांनीं मजकडून रूपावली आणि अमरकोश पाठ करून घेतला. १९७३ सालीं मॅट्रिक झालों, पुढें शिक्षकाची नोकरी धरली आणि २०१५ सालीं निवृत्त झालों. पण बिऱ्हाड म्हणून कधीं हललें नाहीं. तें हलण्याचा प्रसंग २०२४ च्या पावसाळ्यानें आणला. स्वयंपाकघराच्या भिंतीला पोट सुटलें. त्यांतच आमच्या सौभाग्यवतींचा दमा दिवाळीनंतर बळावला. "या ओलींत यांना ठेवूं नका," असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. चिरंजीवांनीं नदीपलीकडच्या नव्या वस्तींत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. मार्गशीर्ष सरतां सरतां त्यांच्या किल्ल्या हातीं आल्या.

मीं पंचांग उघडलें. ३१ डिसेंबरला पौष लागत होता आणि ३० जानेवारीला माघ. राम दैवज्ञानें शके १५२२ मध्यें रचलेल्या मुहूर्तचिंतामणींत नव्या घराच्या प्रवेशास माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे मास सांगितले आहेत. जीर्ण घर दुरुस्त करून त्यांत पुन्हां प्रवेश करावयाचा असेल तर श्रावण, कार्तिक आणि मार्गशीर्षही चालतात. पौष मात्र दोहोंकडेही नाहीं. मीं वकिलाप्रमाणें पळवाटा शोधल्या; परंतु आमचें जीर्ण घर सुटत होतें आणि नवें घर अगदीं कोरें होतें, तेव्हां सवलत लागू पडेना. शेवटीं मीं निर्णय दिला, "वसंतपंचमीला जाऊं. महिन्याभराचा तर प्रश्न."

मुलाला हें मुळींच पटलें नाहीं. "अण्णा, आईला रात्रभर बसून काढावी लागते," एवढेंच तो म्हणाला. मीं त्याला शास्त्रकारांची दूरदृष्टि समजावून दिली. पौषांत दिवस लहान, थंडी कडक. पुढचे महिने कोरडे आणि पावसाळ्यापूर्वीं घर नीट लावून होईल असे. म्हणजे या नियमांत कुटुंबाविषयीं दयाच आहे, असा माझा तर्क मीं मांडला. तर्क मला अजूनही चुकीचा वाटत नाहीं. पण तो मांडीत असतां दाराशीं शाल गुंडाळून बसलेली गृहिणी मध्येंच म्हणाली,

"अहो, एक विचारूं?"

"विचार कीं."

"या घरांत आलें त्याला त्रेचाळीस वर्षें झालीं. दर पौषांत पहाटे चारला उठून, चौक ओलांडून बंब पेटवायला जात होतें. मामंजींचें सोवळें, तुमचें स्नान, मुलांच्या शाळा. त्या जाण्याला कधीं कोणी मुहूर्त पाहिला होता का?"

तिच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सांपडलें असतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पलीकडे तिच्या श्वासाची घरघर ऐकूं येत होती आणि मी वाड्यांतले हिंवाळे आठवीत होतों. धनुर्मासांत सूर्योदयापूर्वींचा नैवेद्य, मुगाची खिचडी आणि तिच्यावर तुपाची धार. घंगाळांतलें कढत पाणी आणि न्हाणींतला लांकडांच्या धुराचा वास. वाडा सोडण्याच्या कल्पनेनें जीव कासावीस होई तो याच आठवणींनीं. त्या उबेची मला जन्मभर आठवण राहिली. ती कोणाच्या गारठलेल्या हातांनीं निर्माण होत होती, तें मात्र कधीं आठवलें नाहीं. आणि त्याच धुरानें तिची छाती पोखरली नसेल, असें कोणी सांगावें?

वर्गांत मी दरवर्षीं एक गंमत सांगत असें. 'गृह' हा शब्द सामान्यतः नपुंसकलिंगी. परंतु तोच पुल्लिंगी बहुवचनांत 'गृहाः' असा आला म्हणजे त्याचा अर्थ घर असा होतो, तसा पत्नी असाही होतो. मुलें हंसत, मीही हंसत असें. व्याकरणांतील एक चमत्कार म्हणून मीं तो पिढ्यान्-पिढ्या मुलांना सांगितला. तो घरीं घेऊन जावा, असें कांहीं सुचलें नाहीं.

सकाळीं मी आमच्या उपाध्यायांकडे गेलों. ते वयानें मजहून लहान, पण व्यवहाराला शहाणे. म्हणाले, "मास्तर, आजारी माणसाला कोरड्या जागेंत नेण्याला कसला मुहूर्त? राहायला जा. वास्तुशांत माघांत करूं." हें उत्तर मलाही ठाऊक नव्हतें असें नाहीं. दुसऱ्याच्या घरचा प्रश्न असता तर मींही तेंच दिलें असतें.

पौर्णिमेला मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा. त्या गर्दींत टेंपो मिळणें कठीण, म्हणून पौष शुद्ध एकादशी, १० जानेवारीचा दिवस ठरला. बोळांत टेंपो शिरेना. सामान हातगाडीवरून नाक्यापर्यंत न्यावें लागलें. देव ताम्हनांत घालून मीं स्वतः नेले. आजोबांच्या पोथ्या, पितळी डबे, पाटा-वरवंटा, सुनेनें मागून घेतलेलें जातें, एकामागून एक सगळें निघालें. जमिनींत पुरलेलें उखळ तेवढें राहिलें.

बंब मीं आदल्या दिवशीं चिंच लावून लखलखीत घांसला होता. बारा वर्षें तो अडगळींत पडून होता; नव्या घरांत बैठकीच्या कोपऱ्यांत शोभेला ठेवावा, असा माझा बेत. हातगाडीवर चढवूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "तो मात्र नको." मीं कारण विचारलें. तिनें बांगड्या मागें सारून मनगटाच्या वरचा एक पांढुरका डाग दाखविला. "धाकट्याच्या वेळीं सातवा महिना होता. घेरी आली आणि हात टेकला तो यालाच." तो डाग मीं अनेकदां पाहिला असला पाहिजे. विचारला कधींच नव्हता. बंब मोडींत गेला.

नव्या घरांत सुनेनें गॅसवर दूध उतूं घातलें, एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी झाली आणि प्रवेश पार पडला. चौथ्या दिवशीं भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी तिनें बसल्या जागेवरून सांगून सुनेकडून करवून घेतली. संक्रांतीच्या सकाळीं पूर्वेच्या सज्जांत कोवळ्या उन्हांत ती खुर्ची टाकून बसली होती. दमा कांहीं चार दिवसांत जात नाहीं, पण ती म्हणाली, "या उन्हाला चौक ओलांडावा लागत नाहीं, नाहीं?" वास्तुशांत ठरल्याप्रमाणें माघांत झाली आणि पौषांत आल्याबद्दल कोणीही देव रागावल्याचें अद्याप दिसून आलेलें नाहीं.

वाडा मला आठवत नाहीं असें नाहीं. संध्याकाळीं पूल ओलांडून घाटावर गेलों कीं पाय आपोआप बोळाकडे वळतात. त्याविषयीं खेद करण्यासारखें कांहीं नाहीं. जेथें जन्म गेला तेथें मन जाणारच. परंतु आतां कुलुपाशीं उभा राहिलों म्हणजे ओटीच्याही पलीकडचा चौक मला दिसतो, आणि त्यांतून पहाटेच्या काळोखांत कंदील घेऊन जाणारी एक बाई दिसते.

तिला अजूनही चारला जाग येते. "पडून राहा," असें म्हणून मीच उठतों, पाणी तापत ठेवतों, चहा करतों. साखरेचें प्रमाण अद्याप साधत नाहीं, आणि तसें ती सांगतेही. त्रेचाळीस हिंवाळ्यांचें देणें चहाच्या पेल्यानें फिटत नाहीं, हें मी जाणतों. तरी ज्या घरांत कोणी सर्वांच्या आधीं उठत असेल, तेथल्या पुरुषांनीं एकदां तरी तिच्या आधीं उठून पाहावें, एवढें सुचविण्याचें धाडस मी करतों. त्याला पौषही वर्ज्य नाहीं.