कमावलेलं

आई ऑफिसातून घरी आली की मी आधी तिच्या खांद्यावरची पर्स उतरवून घ्यायचे. विटकरी रंगाची, झाकणावर उठावाचं कमळ, त्याभोवती वेलबुट्टी आणि चारही काठांना चामड्याच्याच बारीक पट्टीची गुंफण. टिचबटण उघडलं की बडीशेप, नाणी आणि कातडं यांचा मिळून झालेला एक वास यायचा. त्या वासाशिवाय मला संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

ती पर्स शांतिनिकेतनची. १९७६ साली आई-बाबा कोलकात्याला गेले होते, तेव्हा आईनं ती तिथून आणली. तिला नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी घेतलेली ती तिची पहिली वस्तू. “माझ्या कमाईची आहे,” असं ती सांगायची, तेव्हा तिचा आवाज जरा वेगळा लागायचा. शांतिनिकेतनशेजारच्या श्रीनिकेतनात रवींद्रनाथांनी १९२२ साली ग्रामविकासाचं काम सुरू केलं. चामड्यावरची ही नक्षी तिथे रुजवण्यात त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी यांचा मोठा वाटा होता. हे सगळं मी फार पुढे वाचलं. लहानपणी मला ते कमळ आईचंच वाटायचं.

बावीस वर्षं ती पर्स रोज लोकलनं गेली आणि आली. पावसाळ्यात आई ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची. घरी आल्याबरोबर बाहेर काढून जुन्या मलमलच्या तुकड्यानं पुसायची आणि खिडकीजवळच्या खुंटीला टांगायची. रंग गडद होत गेला, कोपरे गुळगुळीत झाले, पण कातडं कधी कडक झालं नाही. १९९८ मध्ये ती निवृत्त झाली आणि म्हणाली, “आता हिला जपून ठेवते.” वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डांबराच्या गोळ्यांसह पर्स ट्रंकेत गेली. रोजची होती, ती ठेवणीतली झाली.

आई गेल्यावर, २०१६ मध्ये, मी ती ट्रंक उघडली. कमळावर पांढरी बुरशी होती. पट्टा वाळलेल्या सालीसारखा ताठ झाला होता. उचलायला गेले तर हातातच तुटला. काठाची गुंफण घडीवर उसवली होती. मी घाबरून हाताशी असलेलं खोबरेल तेल पर्सवर चोळलं. आपल्याकडे कोरड्या कातडीवर दुसरं काय लावतात? तेल झरझर आत शिरलं आणि कमळाच्या डाव्या पाकळीवर काळसर डाग उमटला. तो अजून आहे. खोबरेल चामड्यात सारखं पसरत नाही, रंग काळवंडवतं आणि काही काळानं खवट होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी शिकायला लागले. सर्वांत आधी भेटला तो एक शब्द. आपण कातडं ‘कमावतो’. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं, वाळलं तर लाकडासारखं होतं. बाभूळ, तरवड यांच्या सालींतलं, हिरड्यातलं टॅनिन त्याच्या तंतूंना घट्ट धरतं, आणि मग कातड्याला टिकाऊपणा येतो. त्यानंतर त्यात तेलं मुरवतात, म्हणजे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. याला कित्येक आठवडे लागतात. बाळहिरडा आमच्या घरी औषधाच्या डब्यात असायचा. बाहेर पर्सच्या जातीच्या कातड्याला टिकवणारा हिरडा आणि आत माझ्या पोटासाठी उगाळला जाणारा हिरडा एकाच झाडाचा, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिले.

आधी पर्स दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवली. ऊन लागलं तर कातडं आक्रसतं. तोंडाला फडकं बांधून, गॅलरीत, मऊ ब्रशनं बुरशी झटकली. आतल्या कोपऱ्यात ओला कापूस टेकवून पाहिला, तर त्यावर विटकरी रंग उतरला. म्हणजे साबण-पाणी वर्ज्य. मधमाश्यांचं मेण आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिन असलेलं कंडिशनर आणलं. बोटावर मटाराएवढं घेऊन फडक्याला लावायचं, पातळ हात फिरवायचा आणि एक दिवस वाट पाहायची. घाईनं दुसरा हात दिला तर ते वरच चिकट राहतं. तिसऱ्या दिवशी झाकण किंचित वाकलं. जोर न करता, रोज थोडं थोडं वाकवत गेले.

पट्टा मात्र वाचला नाही. त्याची तांबडी भुकटी बोटांना लागत होती. सालींनी कमावलेलं जुनं कातडं हवेतल्या आम्लानं असं झिजलं, की ते परत येत नाही. तेल पाजून उपयोग नसतो. आमच्या नाक्यावर चपला शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पर्स उलटीपालटी करून पाहिली. “ताई, पट्टा नवा घालू. पण काठाची जुनी भोकं मी मोडणार नाही. त्याच भोकांतून नवी पट्टी ओवीन.” रापीनं त्यांनी शेळीच्या कातड्याची सुतळीहून थोडी रुंद, सारख्या जाडीची पट्टी काढली. आरीनं बुजलेली भोकं मोकळी केली आणि दोन दुपारी बसून काठ गुंफला. चाळीस वर्षांपूर्वी बंगालातल्या कुणा कारागिरानं पाडलेल्या भोकांतून आमच्या काकांचा हात जात होता.

तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. संपूर्ण पर्सवर एकच जागा ट्रंकेतूनही मऊ निघाली होती: टिचबटणाच्या वर, जिथे आईचा अंगठा बावीस वर्षं टेकत होता. आपण कमावलेला आवाज म्हणतो, कमावलेलं शरीर म्हणतो. आवाजाला रियाज लागतो, शरीराला मेहनत. कमावलेलं टिकतं ते रोजच्या हाताखाली. जपण्याच्या मायेनं आईनं पर्सला तिच्या रोजच्या हातापासूनच दूर केलं होतं. आणि बहुतेक तिनं स्वतःलाही निवृत्तीनंतर असंच ठेवणीत टाकलं होतं. ते मात्र माझ्या वेळेवर लक्षात आलं नाही.

आता ती पर्स माझ्या खांद्यावर असते. यंदा जूनमध्ये पहिली सर आली, तेव्हा तिला कपाटात ठेवायला माझा हात पुढे झालाच होता. पण मग प्लास्टिकची पिशवी काढली, पर्स तिच्यात घातली आणि स्टेशनवर गेले. संध्याकाळी आल्याबरोबर ती बाहेर काढून मलमलच्या तुकड्यानं पुसली, खिडकीजवळ टांगली.